लेआउटातला प्लेस्टेशन

नेटवाला सांगतो त्या आकड्याला आधी आठने भागायचं. त्याच्या आकड्यात बिट असतात आणि गेमच्या आकड्यात बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे आमच्या घरचं १० एमबीपीएसचं कनेक्शन सेकंदाला सव्वा मेगाबाइट आणतं, तासाला साडेचार जीबी, तेही सगळे ग्रह अनुकूल असताना. १०० जीबीचा गेम उतरायला २२ तास. महिन्याचा कोटा १५० जीबी, त्यातला दोन तृतीयांश त्या एका गेमातच खलास. कोटा संपला की वेग १ एमबीपीएसवर येतो, आणि मग तोच गेम उतरायला सव्वानऊ दिवस. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. टंचाईचं प्रॅक्टिकल मात्र घरी टीव्हीच्या कपाटाखाली चालतं.

हे ऐकून लोक विचारतात, आजकाल असं नेट असतं तरी कुणाकडे? आमच्याकडे असतं. नागपूर दक्षिणेला पसरत पसरत मानेवाडा ओलांडून बेसा, घोगली, पिपळ्याकडे गेलं. जिथे तूर उभी असायची तिथे चुन्याच्या रेघा पडल्या, लेआउट झालं, प्लॉट विकले गेले, घरं उठली. नेटची मोठी वायर तेवढी मेन रोडवर थांबली. कस्टमर केअरला फोन करून पिनकोड सांगितला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, 'सॉरी मॅम, तुमच्या एरियात फिजिबिलिटी नाही.' मग उरतो लोकल केबलवाला. त्याची वायर विजेच्या खांबावरून निघते, कडुनिंबाच्या फांद्यांतून जाते, शेजाऱ्यांच्या गच्चीवर जरा विसावा घेते आणि आमच्या खिडकीतून आत येते. संक्रांतीच्या आठवड्यात तिच्यात पतंग अडकतात. वर 'ओ काट'चा गजर झाला, की खाली कुणीतरी मांजा ओढतो आणि आमच्या राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागतो. केबलवाल्याचा पोरगा तसा भला आहे. फोन केला की 'ताई, येऊनच राहिलो' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खरंच येतो.

गंमत अशी, की २०२२ च्या ऑक्टोबरात देशात ५जी आलं तेव्हा पहिल्याच आठवड्यातल्या शहरांच्या यादीत नागपूर होतं. माझे विद्यार्थी स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट एकमेकांना दाखवत फिरत होते. पुढे २०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. त्या हिशेबाने माझं नेट किमानाच्या पाचपट आहे. कागदोपत्री मी सुखवस्तू.

आणि या नेटवर मी प्लेस्टेशन ५ घेतला, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल. डिस्कवाला. दुकानदार बिनडिस्कचा, स्वस्तातला गळ्यात मारायला बघत होता. 'मॅडम, आता डिस्क कोण घेतं?' मी घेते. पीएस५ ची डिस्क अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे, तिच्यात १०० जीबीपर्यंत माल मावतो. ती आत सरकवली की गेम डिस्कवरून यंत्राच्या एसएसडीवर, म्हणजे आतल्या साठवणीवर, चढतो, नेटचा एक थेंबही न वापरता. आमच्या केबलवाल्याला जे काम बावीस तासांचं, ते स्वयंपाक उरकेपर्यंत होतं. नंतर डिस्क फक्त किल्लीपुरती उरते, खेळताना ती आत हवी एवढंच. नवा गेम आला तेव्हा ४,९९९ रुपयांना होता, त्यामुळे नवे मी क्वचितच घेते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या डिस्का मिळतात. खेळून झालं की परत विकता येतात, कॉलेजातल्या एका सहकाऱ्याशी अदलाबदलही चालते. डाउनलोड केलेला गेम कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, वर तो आणण्यातच माझा महिना जातो. डिस्कप्रेमात माझ्यापुरता तरी जुन्या आठवणींचा हळवेपणा नाही. साधा हिशेब आहे.

पण हिशेबात एक खोट आहे, आणि ती मला खरोखर चिडवते. डिस्क घातली, गेम चढला, चहा घेऊन बसावं तर पडद्यावर: अपडेट उपलब्ध आहे. कधी दोन जीबी, कधी वीस, कधी चाळीस. म्हणजे पाच हजारांची वस्तू हातात असूनही ती पुरती आपली नाही, उरलेला भाग नळाच्या पाण्यासारखा चोवीस तास घरी येत असेल, असं बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं. यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. गेम विक्रीच्या तारखेच्या कित्येक आठवडे आधी डिस्का छापायला जातात. इंग्रजीत त्याला 'गोल्ड' होणं म्हणतात. छपाई, खोके, जहाज, गोदाम यात दिवस जातात आणि तेवढ्या काळात बनवणारी मंडळी हात चोळत बसत नाहीत, चुका दुरुस्त करत राहतात. ती सगळी दुरुस्ती पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये येते. इथवर ठीक आहे. पण पुढे पुढे ही सोय सवय झाली आणि सवयीतून आळस आला. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' इतका कच्चा बाजारात आला, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'ची पीएस५ डिस्क तर त्याहून वरची: तिच्यावर १०० एमबीसुद्धा भरले नव्हते, बाकी सगळा गेम नेटवरून आणा. १०० जीबीची डिस्क आणि आत जवळपास काही नाही. आमच्याकडे असल्या प्रकाराला वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात.

गेम एवढे फुगतात कशाने, हाही प्रश्न मला विचारला जातो. ४के चित्रात आधीच्या एचडीच्या, म्हणजे १०८०पीच्या, चौपट ठिपके, त्यामुळे भिंतीचा, कापडाचा, चामड्याचा पोत तितकाच जड होत जातो. वर सात-आठ भाषांतले संवाद, ज्यातली मराठी एकही नाही आणि बाकीच्या मी कधी ऐकणार नाही. पीएस५ मध्ये माल घट्ट बांधून ठेवण्याची आणि धावता धावता तो सोडवण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे, त्यामुळे काही गेम पीएस४ पेक्षा लहानही झाले. पण बचत झाली की खर्च वाढतो, हे घरात जितकं खरं तितकंच स्टुडिओत.

तर मी काय करते? बहुतेकदा नाही म्हणते. नेट काढून टाकते आणि गेम डिस्कवर जसा छापला तसा, आवृत्ती १.०० खेळते. एखादं पात्र भिंतीत अडकतं, एखादी मोहीम पूर्ण होऊनही झाल्याचं कळत नाही, एकदा एक घोडा माझ्यासमोर हवेत उभा राहिला आणि तिथेच राहिला. एकट्याने खेळायच्या गोष्टीरूप गेमांत एवढं चालतं. पहिल्या छापील प्रतीत मुद्रणदोष असायचेच.

यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर मात्र टाळून चालत नाही, कारण नवे गेम जुन्या सॉफ्टवेअरवर सुरूच होत नाहीत. त्याची एक वाट आहे, आणि ती फारशा लोकांना माहीत नसते. सोनीच्या साइटवरून सव्वा जीबीच्या आसपासची एक फाइल कुठल्याही संगणकावर उतरवून घ्यायची. पेन ड्राइव्हवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'पीएस५' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट' नावाचं फोल्डर, त्यात ती फाइल. नाव एका अक्षराने चुकलं तरी यंत्र ढिम्म हलत नाही. मग कन्सोल पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं, दुसरी पीप ऐकू आली की सोडायचं, कंट्रोलर वायरने जोडायचा आणि काळ्या पडद्यावरच्या यादीतून यूएसबीचा पर्याय निवडायचा. माझ्या माहितीतल्या तीन-चार घरांची ही सेवा मीच करते. आमच्या लेआउटात कुणाचा मिक्सर बिघडला की मागच्या गल्लीतले काका, आणि कुणाचा प्लेस्टेशन अडला की मी.

गेमच्या अपडेटला मात्र पेन ड्राइव्ह चालत नाही. ते यंत्राला स्वतःच, नेटवरूनच आणावं लागतं. मग यंत्रच नेटकडे न्यायचं. माझी एक मैत्रीण धरमपेठेत राहते, तिच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे, कोट्याची भानगड नाही. पहिल्या खेपेचा पीएस५ साडेचार किलोचा आणि हातभर लांब असतो. तो जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळायचा, भाजीच्या मोठ्या पिशवीत उभा करायचा, पिशवी ॲक्टिव्हाच्या पुढच्या जागेत दोन पायांत धरायची आणि मानेवाडा चौकापासून पुढे प्रत्येक गतिरोधकाला मनातल्या मनात हात जोडत जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मैत्रिणीच्या आईने दार उघडलं, पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, 'अगं बाई, मिक्सर घेऊन कुठे फिरून राहिली एवढ्या उन्हाची?' आता त्यांना ठाऊक झालं आहे. 'आली का तुझी पेटी,' म्हणतात आणि टीव्हीमागची वायर स्वतःच पुढे करतात. लॅनची वायर खोचली की आकडा पळायला लागतो. ज्याला आमच्याकडे बावीस तास, ते तिथे सव्वादोन तासांत. तेवढ्यात आम्ही गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी आणतो, येताना कोपऱ्यावर तर्री पोहे खातो. मैत्रीण गेम खेळत नाही. शंभर जीबीच्या निमित्ताने मात्र आमचं बोलणं होतं, नाहीतर एकाच शहरात राहून आम्ही वाढदिवसाला केक-फुग्यांची चित्रं पाठवण्यावर आलो होतो.

घरी डाउनलोड लावायचंच झालं तर रात्री. दिवसा त्या वायरवर आधीच दोन मोठे हक्कदार असतात: माझ्या नवऱ्याचं घरून चालणारं ऑफिस आणि सासूबाईंचं यूट्यूबवरचं कीर्तन. एकदा सुटीच्या दिवशी मी दुपारी गुपचूप डाउनलोड सुरू ठेवलं. पाचव्या मिनिटाला आतून आवाज आला, 'अगं, बुवा नुसते गोल गोल फिरून राहिले! बंद कर तुझं ते.' बुवांच्या जागी फिरणारं ते चक्र त्यांना माझ्यामुळे आलं हे कुणी सांगावं लागलं नाही. घरात वायर एक असली की प्रत्येकाला दुसऱ्याचं पाऊल ऐकू येतं.

रात्रीचीही तऱ्हा ऋतूप्रमाणे बदलते. रेस्ट मोडमध्ये कन्सोल झोपतो आणि डाउनलोड चालू राहतं, हे पावसाळ्या-हिवाळ्यात ठीक. पण या यंत्राची काम करण्याची तापमानाची मर्यादा सोनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेली आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा आमची बैठकीची खोली रात्री अकरालाही ३५ च्या वर असते, भिंतीच उष्णता सोडत असतात. कूलर लावावा तर तो ओली हवा फेकतो, आणि ओल्या हवेच्या झोतात इलेक्ट्रॉनिक वस्तू ठेवायला जीव धजत नाही. मग कूलर खिडकीत, कन्सोल आडव्या भिंतीला, झोत थेट न लागेल अशा बेताने, अशी आखणी होते. टुल्लू पंपाची घरघर, वाळ्याच्या ताट्यांचा वास आणि कन्सोलचा तो नारिंगी दिवा. एवढं करून मध्यरात्री लाईट जाते. आमच्या घरात इन्व्हर्टर आहे, राउटर त्यावर चालतो, पण खांबावरच्या केबलवाल्याच्या डब्याला इन्व्हर्टर नाही. राउटर जागा, नेट झोपलेलं. आणि कन्सोल इन्व्हर्टरवर नसल्याने सकाळी तो आधी झाडाझडती घेतो: मला नीट बंद केलं नाही. एप्रिल-मे मी मोठे डाउनलोड बंदच ठेवते.

आता एक उलटी गोष्ट, जी ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. या दरिद्री नेटवर ऑनलाइन खेळणं मात्र झकास जमतं. गेम आणायला डोंगर उपसावा लागतो, पण खेळताना वायरवरून जातं ते अगदी किरकोळ: मी कुठे उभी आहे, कुठे बघते आहे, कोणतं बटण दाबलं. चित्र सगळं घरातलं यंत्रच काढतं. तासाला शंभर एमबीच्या आसपास, बऱ्याच गेमांत त्याहूनही कमी. तिथे वेगाचं काही चालत नाही, तिथे पिंग चालतो, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजाराव्या भागात दोनशे किलोमीटर. नागपूर ते मुंबई जाऊन येऊन सात-आठ मिलिसेकंदांच्या खाली कुणीच करू शकत नाही, आणि वाटेतली वळणं, थांबे धरून माझा पिंग चाळिशीत असतो. सर्व्हर मुंबईत असेल तर उत्तम, सिंगापूरला असेल तर तो वाढतो. झिरो माइलच्या दगडाजवळ, त्या चार घोड्यांच्या शेजारी उभं राहून सगळी शहरं सारख्याच अंतरावर असल्याचा भास होतो. नेटला तसं वाटत नाही.

चाळीसचा पिंग चारशे व्हायला मात्र घरातलंच कुणीतरी पुरतं. सासूबाई सकाळी सातला बहिणींच्या ग्रुपवर सुविचाराचा व्हिडिओ सोडतात, अपलोडची चिंचोळी वाट त्याने तुंबते, आणि माझ्या बटणांचे इवलेसे निरोप त्याच्या मागे रांगेत उभे राहतात. यावर इलाज म्हणजे राउटरमध्ये प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घालणं. मी नवऱ्याच्या फोनला घातली आहे. सासूबाईंच्या फोनला हात लावलेला नाही. संसार करायचा आहे.

दिवाळीत पुण्याहून भाचा येतो. अकरावीत आहे, त्याच्याकडे ३०० एमबीपीएस. त्याची पद्धत अशी, की आवडला तर गेम ठेवायचा, नाहीतर तासाभरात उडवायचा, पुन्हा वाटलं तर पुन्हा आणायचा. माझ्या कपाटातल्या डिस्का बघून तो म्हणाला, 'आत्या, हे सगळं घरात साठवून कशाला ठेवता? लागेल तेव्हा घ्यायचं ना.' मी म्हटलं, तुझ्या नेटवर तुझं बरोबर आहे. त्याने दोन दिवस माझ्याकडे आवृत्ती १.०० खेळली, हवेतल्या घोड्याचा व्हिडिओ काढला आणि मित्रांना पाठवायला गेला तर तो अपलोड होईना. लोक यावर म्हणतात, कमी नेटमुळे तुला गेम चवीने खेळायची सवय लागली असेल. तसं काही झालेलं नाही. नेट चांगलं असतं तर मीही भाच्यासारखंच उधळलं असतं.

मला राग कमी नेटचा नाही, गृहीत धरण्याचा आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा आपला कन्सोल आणताना अट घातली होती, की यंत्राने दर चोवीस तासांत एकदा नेटवर हजेरी लावायचीच, नाहीतर गेम बंद. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांचं काय, असं विचारल्यावर एक्सबॉक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी उत्तर दिलं, की त्यांच्यासाठी आमचं आधीचं यंत्र, एक्सबॉक्स ३६०, आहेच. जगभरातून एवढी बोंब झाली, की त्याच जूनच्या १९ तारखेला ती अट मागे घ्यावी लागली. पण अट दारातून गेली आणि खिडकीतून आली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ पीएस५ ची डिस्क ड्राइव्ह काढता-लावता येते, पण पहिल्यांदा जोडताना तिची ओळख पटवायला एकदा नेट लागतंच. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएस५ प्रो आला तो डिस्क ड्राइव्हशिवायच, ती वेगळी विकत घ्यायची. आणि हा प्रो तेव्हा भारतात आलाच नाही. कारण सोनीनेच सांगितलं: त्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं, त्या पट्ट्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. मी ती बातमी २.४ गिगाहर्ट्झच्या राउटरवर, तिसऱ्यांदा पान लोड करून वाचली.

माझी मागणी फार मोठी नाही. पूर्ण गेम डिस्कवर छापा. अपडेटचे तुकडे करा, जो गोष्ट एकट्याने खेळणार आहे त्याच्या गळ्यात ऑनलाइन लढाईचा चाळीस जीबी माल मारू नका. खोक्यावर किती डाउनलोड लागेल ते मोठ्या अक्षरात लिहा.

दरम्यान लेआउटात हालचाल सुरू झाली आहे. एका कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, की वीस घरांच्या सह्या मिळाल्या तर फायबर आत आणू. फॉर्म घेऊन मी दारोदार फिरले. अर्ध्या लोकांनी 'मोबाइलवर भागून जातं' म्हणून परत पाठवलं, एका निवृत्त काकांनी 'एवढं नेट कशाला हवं तुम्हाला?' असं विचारलं, आणि मी, प्राध्यापक बाई, 'संशोधनाला' म्हणाले. सह्या बारावर अडल्या. फॉर्म फ्रिजवर पडून होता. परवा कॉलेजातून आले तर तो जागेवर नाही. संध्याकाळी सासूबाई भजनी मंडळातून परतल्या, फॉर्म टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, 'नऊ घरं झाली. सगळ्यांचेच बुवा अडकून राहिले होते.' आता कंपनीवाला म्हणतो पावसाळा संपला की रस्ता खोदू, आणि निवृत्त काका म्हणतात, आमच्या गेटसमोर खोदायचं नाही.